तण उपटणाऱ्यांचा कैवार

झाड लावणाऱ्यास आपल्या समाजात पुण्यवान म्हणतात आणि उपटणाऱ्यास पापी. ही समजूत ज्या काळी रूढ झाली त्या काळी ती बरोबरही होती. कारण तेव्हा तोडला जाई तो बहुधा वड, लिंब किंवा आंबा, आणि तोडणाऱ्याचा डोळा लाकडावर नाही तर जागेवर असे. परंतु काळ पालटला तरी समजुती सहसा पालटत नाहीत. आज आपल्या शहरांतील बागांत, टेकड्यांवर आणि ओढ्यानाल्यांच्या काठी सुटीच्या सकाळी हातमोजे चढवून गाजरगवत, घाणेरी आणि जलपर्णी उपसणारी थोडी मंडळी दिसू लागली आहेत. त्यांच्याकडे पाहणाऱ्या सुशिक्षित नजरेत थोडी कीव, थोडा संशय आणि बराच उपहास असतो. या मंडळींचा कैवार घेण्याचे आम्ही योजिले आहे. कैवार घ्यावयाचा म्हणजे त्यांचे सगळेच बरोबर आहे असे म्हणावयाचे नव्हे. त्यांनाही दोन शब्द सुनावल्यावाचून आम्ही राहणार नाही. पण आधी आक्षेपकांचा समाचार घेणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप असा की, जे उगवते ते हिरवे आहे, मग ते उपटावयाचे कशासाठी? छत्रपती संभाजीनगरासारख्या, पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखातील शहरात हा आक्षेप ऐकावयास गोडही लागतो. मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी वसविली तेव्हा त्यास डोंगरातून नहरी खणून पाणी आणावे लागले. त्याच पाण्यावर पुढे येथील बागा पोसल्या. ज्या गावात प्रत्येक हिरव्या पानामागे असा कोणाचा तरी घाम आहे, तेथे फुकट उगवलेले झुडूप उपटणे म्हणजे कृतघ्नपणा, असे कोणास वाटले तर आम्ही त्यास दोष देणार नाही. परंतु या फुकटच्या हिरवळीचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

गाजरगवताचे एक रोप दहा ते पंचवीस हजारांपर्यंत बी धरते. उगवल्यापासून सुमारे महिन्याभरात ते फुलू लागते, तीन-चार महिन्यांत त्याचा जन्म आटोपतो, आणि ओल मिळाली तर वर्षातून दोन-तीन पिढ्या सहज निघतात. त्याच्या मुळापानांतून जे द्रव्य मातीत उतरते ते शेजारच्या बीजास डोके वर काढू देत नाही. गुरे त्यास तोंड लावीत नाहीत, आणि भुकेपोटी लावलेच तर दूध कडवट होते. माणसाच्या कातडीस ते लागले की काहींच्या अंगावर खाजेचे चट्टे उठतात, काहींना त्याच्या परागांनी शिंका आणि दमा जडतो. पुण्यात १९५५ साली या गवताची नोंद झाली, आणि त्यानंतर वीस वर्षांच्या आत त्याच पुण्यातील त्वचेचे वैद्य त्याने पछाडलेल्या रोग्यांविषयी लिहू लागले होते. तेव्हा ज्यास आपण हिरवळ म्हणतो त्याखाली ना गवत उरते, ना गाईचा चारा, ना पोरांना लोळावयास जागा. ओसाड जमीन निदान आपण ओसाड आहोत हे कबूल तरी करते. गाजरगवताचे रान मात्र हिरव्या रंगाने पाहणाऱ्यास फसविते.

घाणेरीची वकिली याहून चतुर असते. हिला टणटणी असेही म्हणतात. तिची रंगीत फुले, तीवर झुलणारी फुलपाखरे आणि तिची काळी बोरे खाणारे पक्षी दाखवून, ‘हे सारे कोठे जातील?’ असे विचारण्यात येते. फुलपाखरे तीवर मध पितात हे खरे. पण मध पिणे आणि वंश वाढविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मादी अंडी घालते ती ठराविक झाडांवर: कोणी रुईवर, कोणी कढीलिंबावर, कोणी करंजावर, घाणेरीवर वाढणाऱ्या अळ्या आपल्याकडे जवळजवळ नाहीत. थोडक्यात, घाणेरी ही खानावळ आहे, बाळंतिणीची खोली नव्हे. आणि ही खानावळ बाळंतिणीच्या सगळ्या खोल्या मोडून त्या जागेवर उभी राहते, हे वकिलीत सांगितले जात नाही. राहता राहिले पक्षी. ते बी खाऊन दूरवर टाकतात. म्हणून तर १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पतिबागेत शोभेसाठी आणलेले हे झुडूप आज सह्याद्रीच्या उतारांवर आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांत सारखेच माजले आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो, आणि तो घेणारे स्वतःस या स्वयंसेवकांचे मित्र म्हणवितात. ते म्हणतात, ‘परदेशी तेवढे सगळे उपटा.’ शत्रूच्या आक्षेपापेक्षा मित्राचा हा उत्साह आम्हांस अधिक घातक वाटतो. म्हणून त्याचा विचार सविस्तर केला पाहिजे. त्यासाठी ग्रंथालयात जाण्याचे कारण नाही, गुलमंडीत गेले तरी पुरे.

गुलमंडी म्हणजे फुलांचा बाजार. नावातले ‘गुल’ फारसी. आज तेथे कापड, भांडी आणि गर्दी यांचे राज्य असले तरी दसरा-दिवाळीस नाव सार्थ करण्यापुरते झेंडूचे ढीग त्या बाजूस लागतातच. सुपारी हनुमानाचे दर्शन घेऊन माणूस दोन किलो झेंडू पिशवीत टाकतो, दारास तोरण लावतो, वजनकाट्यास आणि दुचाकीस माळ घालतो, आणि झेंडूवाचून दसरा झाला असे त्यास वाटत नाही. हा झेंडू मूळचा कोठला? मेक्सिकोचा. आणि गाजरगवत? तेही त्याच बाजूचे, मेक्सिकोच्या आखाताभोवतालचे. इतकेच नव्हे, तर वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी दोघांचे कुळही एकच, सूर्यफुलाचे. एका मुलखाची, एका कुळाची ही दोन भावंडे. एक आपल्या दारावरचे तोरण झाले आणि दुसरे आपल्या दाराबाहेरचे संकट. जन्मस्थान हीच कसोटी मानली तर दोघांस एकच न्याय लावावा लागेल, आणि तसे करण्याची छाती कोणास होणार नाही. मग मिरचीही गेली, बटाटाही गेला, शेंगदाणाही गेला. उपवासाच्या फराळात काय उरेल ते पाहावे. दौलताबादच्या घाटातले सीताफळ गेले, हिमायत बागेतला पेरू गेला, रस्त्यावर वैशाखात सावली धरणारा मादागास्करचा गुलमोहर गेला.

तेव्हा कसोटी जन्माची नसून वर्तनाची आहे. झेंडू नेमून दिलेल्या वाफ्यात राहतो. पाणी घातले तर जगतो, न घातले तर मुकाट्याने मरतो. गाजरगवत कोणी लावीत नाही, कोणी पोशीत नाही, आणि तरी शेजाऱ्याचा घास हिरावून घेते. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने २०२३ साली जो अहवाल काढला त्यात मनुष्याने देशोदेशी नेलेल्या सुमारे ३७,००० जीवजाती मोजल्या आहेत, आणि त्यांपैकी उपद्रवी म्हणून पुरावा मिळाला तो सुमारे ३,५०० जातींचा. म्हणजे दहांतील नऊ पाहुणे सज्जनपणे राहतात. उलट, देशी असणे हाही सज्जनपणाचा दाखला नव्हे. या शहराच्या जुन्या दरवाजांच्या चिऱ्यांत जेव्हा पिंपळ रुजतो, तेव्हा तो कितीही देशी आणि कितीही पूज्य असला तरी कमान वाचवावयाची तर त्यास वेळीच तेथून काढावे लागते.

हा मुद्दा आम्ही एवढ्या आग्रहाने मांडतो याचे कारण वनस्पतींपुरते नाही. ‘परके’, ‘घुसखोर’, ‘आक्रमक’ हे शब्द बागेतून बाजारात यावयास वेळ लागत नाही, आणि आमच्या या शहरात तर मुळीच लागत नाही. ज्या मलिक अंबराने येथे पाणी आणले तो जन्माने हबसाणातला होता. ज्या बाजारातून आपण देवाची फुले घेतो त्याचे नाव फारसी आहे. माणसांविषयीची अढी झाडाच्या नावाने बोलून दाखवू पाहणाऱ्यास या कामात जागा नसावी. गाजरगवत उपटताना त्याचा पासपोर्ट पाहण्याची गरज नाही. त्याने जमिनीचे काय केले एवढे पाहिले की पुरे. ‘काँग्रेस गवत’ या नावाचीही हीच गत आहे. १९५६ च्या करारान्वये अमेरिकेहून जो गहू आला त्याबरोबर हे बी आले, ही गोष्ट घरोघर सांगितली जाते. पण पुण्यातली नोंद त्या कराराच्या आदल्या वर्षाची आहे. राजकारणाचा राग गवतावर आणि गवताचा राग राजकारणावर काढल्याने तण एक वीतही कमी झाले नाही. याउलट, या गवताची पाने खाणारा झायगोग्रामा नावाचा भुंगा १९८४ साली मेक्सिकोहूनच मुद्दाम आणविला गेला. आणि गाजरगवतास दाबून धरण्यासाठी जबलपूरची तणसंशोधन संस्था ज्या झाडांची शिफारस करते त्यांत आपल्या टाकळ्याबरोबर झेंडूही आहे. परका रोग, परके औषध. यात देशाभिमान दुखावण्यासारखे काय आहे?

तिसरा आक्षेप निराशेचा आहे: ‘आज उपटाल, पुढल्या पावसात पुन्हा उगवेल.’ हे म्हणणारे गृहस्थ रोज दाढी करतात आणि त्यांच्या घरी रोज केर काढला जातो, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. परंतु या आक्षेपास खरे उत्तर अनुभवाचे आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी शहरालगतच्या राखीव झाडीत जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणींनी १९६० नंतरच्या दशकात हाताने तण काढण्यास आरंभ केला. त्यांच्याशी झुंजणाऱ्या तणांत आपली घाणेरीही होती. त्यांनी तीन नियम घालून घेतले. जेथे मूळची झाडी शाबूत आहे तेथून आरंभ करून तणाच्या दिशेने सरकावे. माती होता होईल तो हलवू नये. आणि मूळची झाडे ज्या गतीने परततील तिच्यापेक्षा अधिक वेगाने जमीन मोकळी करू नये. या मंदगती कामास लोक हसले, पण पुढे तीच रीत त्या देशात शिकविली जाऊ लागली. आपल्याकडेही दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक बाबू यांनी घाणेरीची मुळी मातीखाली नेमकी कोठे तोडावी आणि झुडूप उलटे करून कसे ठेवावे, म्हणजे ते पुन्हा फुटत नाही, हे दाखवून दिले आहे. गुडगावच्या अरवली जैवविविधता उद्यानात २०१० पासून नागरिकांनी वेड्या बाभळीच्या रानात मूळचे अरवलीचे वृक्ष परत आणले आहेत. तण परत येते हे खरे. पण फुलण्यापूर्वी दरसाल उपटले तर मातीतील बियांची शिल्लक दरसाल घटते. सावकाराचे कर्ज एका हप्त्यात फिटत नाही म्हणून हप्ताच भरू नये, असा सल्ला कोणी शहाणा देत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो आम्ही अर्धा मान्य करतो. बागा महानगरपालिकेच्या, कर आमचा, मग उपटावयाचे आम्हीच का? गुलमंडीहून दिल्ली दरवाजाकडे गेले की एका अंगास मोगलकालीन हिमायत बाग लागते, जी आज परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या फळसंशोधन केंद्राकडे आहे आणि जिचा विस्तार सुमारे तीनशे एकर सांगतात. आणि दुसऱ्या अंगास पूर्वीचा खिजरी तलाव, म्हणजे आजचे सलीम अली सरोवर. पक्ष्यांच्या थोर अभ्यासकाचे नाव ज्यास दिले त्या पाण्यावर जलपर्णीची चादर पसरलेली या शहराने वारंवार पाहिली आहे. ही जलपर्णीही शोभेच्या फुलासाठी गेल्याच्या मागील शतकाच्या अखेरीस बंगालात आली. १९३६ साली तेथे तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि १९३७ च्या निवडणुकीनंतर फजलुल हक यांच्या सरकारास तिच्या निर्मूलनाची मोहीम काढावी लागली. तरीही जलपर्णी मेली नाही. कारण ती सांडपाण्यावर पोसते. जोवर गटारे तलावात सुटत आहेत तोवर शंभर स्वयंसेवकांनी शंभर रविवार जलपर्णी उपसली तरी ते केवळ तिची मशागत करीत राहतील. येथे आक्षेपकांचे म्हणणे आम्ही शिरोधार्य मानतो. जे काम नळ, गटार आणि अंदाजपत्रक यांचे आहे ते उत्साही पोरांच्या गळ्यात घालून हात झटकण्याची मुभा कोणत्याही नगरसंस्थेस असू नये.

पण उरलेला अर्धा आक्षेप आम्हांस मान्य नाही. खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे जे काम २०२१ च्या सुमारास महानगरपालिका, छावणी परिषद आणि काही खाजगी संस्था यांनी एकत्र येऊन हाती घेतले, त्यात नागरिकांनीही अंग मोडले, आणि ज्या नदीस लोक नाला म्हणत तिच्या काठी माणसे फिरावयास जाऊ लागली. नदी पूर्ण शुद्ध झाली असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याने स्वतः केर उपसला तो पुन्हा तेथे केर टाकीत नाही आणि दुसऱ्यास टाकू देत नाही. हा लाभ कोणत्याही ठेक्याने विकत मिळत नाही. स्वयंसेवकाचे खरे मोल त्याने उपटलेल्या रोपांच्या संख्येत नाही. तो बाग ओळखू लागतो, आणि बाग ओळखणारा नागरिक कारभाऱ्यांस नेमके प्रश्न विचारू लागतो.

आता या स्वयंसेवकांस दोन शब्द. आमची पहिली तक्रार अशी की, आपण फार उशिरा येता. फुले आल्यावर, बी धरल्यावर, ऑक्टोबरच्या सुखद हवेत गाजरगवत उपटणे म्हणजे ते पेरणेच होय; आणि ते उघड्या गाडीतून शहरभर मिरवीत नेणे म्हणजे वाटेवर पेरीत जाणे. काम मृगाच्या सरींनंतर, चिखलात, फुलण्यापूर्वी केले पाहिजे. त्या वेळी छायाचित्र चांगले येत नाही हे आम्हांस ठाऊक आहे. दुसरी तक्रार अशी की, आपण एका सकाळी अख्खा उतार बोडका करता. घाणेरीच्या आडोशास घरटी असतात, माती धरलेली असते; ती थोडीथोडी काढावी, आणि काढलेल्या जागी काय उगवावे याचा विचार आधी करावा, नाही तर मोकळ्या जागेवर पहिला हक्क गाजरगवतच सांगते. तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत गंभीर: आपल्या हाती मोजे असतात. हेच गवत त्याच बागांत वर्षानुवर्षे रोजंदारीवरच्या बाया उघड्या हातांनी उपटीत आल्या आहेत. त्यांची नावे कोठे छापून आली नाहीत, त्यांच्या हातांवरचे चट्टे कोणी मोजले नाहीत. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून पाणी पिऊन टाकणारी परकी झाडे काढण्याचे काम सरकारने गरीब बेकारांस मजुरी देऊन करविले. त्यात पर्यावरण आणि पोट या दोहोंचा विचार होता. आपल्या मंडळांनी पहिला मोजा त्या बाईच्या हाती द्यावा, मग दुसरा स्वतःच्या.

शेवटी आमच्या वाचकांविषयी, म्हणजे ज्या सुशिक्षित कुटुंबांत हे मासिक वाचले जाते त्यांच्याविषयी. ही तणे कोणी दरिद्री शेतकऱ्याने आणलेली नाहीत. घाणेरी बंगल्यांच्या कुंपणासाठी आली, जलपर्णी हौदाच्या शोभेसाठी. सुबाभूळ तर चाऱ्याच्या आणि सरपणाच्या आशेने १९७० नंतर मोठ्या प्रचाराने लावली गेली. तिच्या नावातच ‘सु’ जोडून आपण तिचे बारसे केले. यांतले बहुतेक वेड सुशिक्षितांच्या हौसेतून आणि सदिच्छेतून निघाले आहे. मग निस्तरण्याचे तेवढे दुसऱ्यांकडे का? राज्यात २०१६ पासून दरसाल वृक्षारोपणाचे आकडे फुगत गेले: दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, तेहतीस कोटी. लावण्यास उद्दिष्ट आहे, समारंभ आहे, पाटी आहे. काढण्यास यांतले काहीच नाही. झाडांची मोजदाद होते, पण कोणते झाड, हा प्रश्न मोजणाऱ्याच्या वहीत नसतो.

म्हणून आमचे मागणे अगदी साधे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक नगरसंस्थेस जैवविविधता समिती नेमून लोकांच्या साहाय्याने नोंदवही ठेवणे बंधनकारक केले आहे. त्या नोंदवहीत या शहराच्या प्रत्येक बागेचे पान असावे. त्या पानावर तेथे कोणते उपद्रवी तण आहे, ते कोणत्या महिन्यात काढावयाचे आणि त्या जागी काय लावावयाचे, हे लिहिलेले असावे. सुबाभळीसारखा वृक्ष काढावयाचा तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे रीतसर परवानगी घ्यावी; चोरून कुऱ्हाड चालविणाऱ्याचा कैवार आम्ही घेतलेला नाही. तलावात येणारे सांडपाणी तोडण्याची तारीख नगरसंस्थेने जाहीर करावी. आणि बागेतल्या कामकरी बायांस मोजे, बूट व औषध या वर्षीच्या पावसाआधी मिळावे. एवढे झाले तर स्वयंसेवकांच्या रविवारांस अर्थ येईल; न झाले तर ते रविवार वाया गेल्याचा दोष त्यांच्याकडे नव्हे, घरी बसून त्यांना हसणाऱ्यांकडे जाईल.